मागच्या उजव्या चाकाची खटखट

२१ ऑक्टोबर १९६१, अकोला

आणि वरून मलेच म्हणते, खटखट गाडीत नाही, तुह्या डोक्यात हाये. म्हणू दे. नत्थुजी मिस्त्रीच्या तोंडी लागायचं नाही असं मी दसऱ्यालेच ठरवलं होतं. आज पुन्हा लागलो. हे शेवटचं. जो माणूस तोंडात पान धरून बोलते आणि बोलता बोलता दुसऱ्याच्या अंगीवर लाल शिंतोडे उडवते, त्याले मिस्त्री म्हणणं म्हणजे बाकीच्या मिस्त्री लोकांचा अपमान आहे. जुन्या शहरात मोर्णेच्या काठी टिनाचं छप्पर, खाली सगळा काळ्या तेलाचा चिखल, आणि त्या चिखलात बसून हा मले अक्कल शिकवते.

खटखट आहे. मागून, उजव्या बाजूनं. सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कोणी माझ्यावर ढकलायले नको.

माझे मालक भगवंतराव, जठारपेठेत राहतात, कापसाची आडत करतात. त्यांच्या पोरीचं लगन उन्हाळ्यात अमरावतीले झालं. यंदा पहिला दिवाळसण. जावई आगगाडीनं येतो म्हणाले, पण विहीणबाई सुंदराबाई अडून बसल्या. लग्नात त्यांना आपल्या लँडमास्टरमधून फिरवलं होतं, तेव्हापासून त्यांची कंबर धरली आहे. निरोप आला, मोटार पाठवायची असन तर पाठवा, जातं पाठवू नका.

म्हणून मागच्या कमानी नव्या टाकायचं ठरलं. कमान म्हणजे लोखंडी पट्ट्यांची चवड. गाडीचं मागचं सगळं वजन तिच्यावर. मी म्हटलं मिस्त्रीले कशाले मजुरी देता, जागा त्याची घेऊ, काम मी करतो. मालक म्हणाले, सहदेवा, विहीणबाई हसत उतरल्या तर मोटारखान्यामागची खोली तुही. बायकोले घेऊन ये. कण्हत उतरल्या तर माह्या मोटारीले पुन्हा हात लावायचा नाई.

खोली दहा बाय आठ आहे, पण गळत नाही. इंदू शेंदूरजनाघाटले माझ्या मायबापापाशी आहे. लग्नाले दीड वर्ष झालं, त्यातला दीड महिनाही आम्ही एका छपराखाली नसू. खोली झाल्याबिगर मी अकोल्यात पाय ठेवत नाही, असं तिनं सांगून ठेवलं आहे. ती बोलते तसं करते, हा तिच्यातला दोष.

कमानी कंपनीच्या घेतल्या नाहीत. जुन्या शहरात एका दुकानदारानं ट्रकच्या पोलादातून घडवलेल्या दिल्या. किंमत कमी आणि एक पट्टी जास्त. जास्त पट्टी म्हणजे जास्त आराम, हे लहान लेकरालेही समजते.

नवमीच्या दिवशी नत्थुजीच्या शेडात काम केलं. कमानी बसल्या. मागच्या चाकांचा दांडा, म्हणजे ॲक्सल, त्यांच्यावर धरून ठेवणारे यू-बोल्ट घातले, नट बोटानं फिरवले, गाडी जॅकवरून खाली घेतली, आता पाना लावून ओढायचं, तर हा म्हणते, ठेव खाली. आज खंडेनवमी. सगळे पाने, हातोडे, जॅकसुद्धा पाटावर मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. उद्या पूजा उचलेपर्यंत हत्याराले हात लावायचा नाई म्हणे. मी म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. म्हणे, देवीले सांग.

दसऱ्याले सकाळीच मालकाचा निरोप, गाडी पाहिजे, सोनं लुटायले जायचं. नत्थुजी आंघोळीले गेला होता, पूजा तशीच होती. मी गाडी घेऊन निघालो. आता बोटानं फिरवलेले नट म्हटल्यावर दुसरा कोणी घाबरला असता. माझी बोटं लहानपणापासून विहिरीचा दोर ओढलेली आहेत. पाना म्हणजे कमजोर माणसाची सोय.

शिवेवरून आपट्याची पानं घेऊन परत येताना पहिली खट ऐकू आली.

ठराव: उद्या खटखट बंद.

२२ ऑक्टोबर

सापडली. सायलेन्सर. त्याची नळी खालून बॉडीले लागते. तरट गुंडाळलं, वरून सुतळी आवळली. एवढी साधी गोष्ट नत्थुजीले दिसली नाही.

संध्याकाळी

तरट गरम झालं. आग म्हणता येणार नाही, धूर होता. मालकीणबाई दुर्गाबाई राजेश्वराच्या दर्शनाले निघाल्या होत्या. नाकाले पदर लावून अर्ध्या रस्त्यात उतरल्या आणि पायी गेल्या. सोमवार नाही तरी गर्दी पाहून राहिली होती. खट आहे तशीच आहे, आता जळक्या वासासकट.

२४ ऑक्टोबर

शॉकअप, म्हणजे हादरे जिरवणारी नळी. काल विचार करता करता समजलं. शॉकअपमध्ये तेल कमी असलं की तो आतल्या आत आपटते. बाजारात त्याचं तेल मिळालं नाही. वाण्याकडून एरंडेल आणलं. तेल ते तेल.

२५ ऑक्टोबर

एरंडेल रात्रभर ठिबकलं. दुर्गाबाईंनी सकाळी सडा टाकून रांगोळी काढली, ती नेमकी गाडीच्या मागं. लक्ष्मीच्या पावलांवरून तेलाचा ओघळ गेला. बाई म्हणाल्या, काहून रे सहदेवा, गाडीले जुलाब झाले का? आतून सगळे हसले, पोळ्या लाटणारी बाईसुद्धा. मी हसलो नाही. मोठ्या लोकांच्या घरी रांगोळी कुठं काढावी याची अक्कल नसते.

खट आहे.

२६ ऑक्टोबर

या गावाचा वीट आला. चहाले घासलेटाचा वास. नळाचं पाणी कोमट. रस्त्यानं चाललं की धुळीनं दात करकरतात. गाडी वाजत असली की दहा वर्षांचं पोट्टंही थांबून सांगते, भाऊ, मागून वाजून राहिलं. जसं काही मले ऐकू येत नाही.

२८ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो, कारण बाजारात दुसरंच सांगून राहिले.

आवाज नेमका कुठून येते ते पाहायचं तर कान आवाजापाशी पाहिजे. गाडी चालवताना ते जमत नाही. म्हणून मी डिकीत बसायचं आणि नत्थुजीनं गाडी चालवायची, असं ठरवलं. कल्पना माझी. तो म्हणे, तू आत बस, बाहेर आल्यावर मले दोष देऊ नको. मी स्टेपनीवर कान टेकून बसलो. डिकी बंद. आत पेट्रोलचा, रबराचा आणि एरंडेलाचा असा एक वास की जेवलेलं वर यावं.

जठारपेठेच्या चौकात गाडी थांबली. मले वाटलं पाच मिनिटं. नत्थुजी पानठेल्यावर गेला, तिथं त्याचा साडू भेटला, साडूच्या पोरीची सोयरीक निघाली. मी आतून मुठीनं ठोकलं. बाहेर लोक जमले. एक जण म्हणे, भगवंतरावच्या गाडीची खटखट लय वाढली, आता तर उभ्या उभ्या वाजते. दुसरा म्हणे, इंजन बंद असून वाजून राहिली, काहीतरी बाहेरचं असन, उतारा टाका. शेवटी नत्थुजी आला. डिकी उघडली तर वीसएक माणसं वाकून पाहून राहिली होती.

तो म्हणे, समजलं का कुठून वाजते?

 डिकी उघडायले हँडल आतूनही पाहिजे. मोटार बनवणाऱ्यांना हे मी सुचवीन.

३० ऑक्टोबर

आमच्या गावचा खुशालराव संत्र्याचा ट्रक घेऊन आला होता. त्याच्यापाशी इंदूचा निरोप. ती आता संत्र्याच्या वखारीत फळं निवडायले जाते. मोठी एकीकडं, बारीक एकीकडं, डागी टोपलीबाहेर. मी तिले असं काही करायले सांगितलं नव्हतं.

खुशालराव म्हणे, तिनं विचारलं, खोली झाली का?

मी म्हटलं, झाल्यासारखीच आहे. फक्त एक आवाज बंद करायचा राहिला.

तो म्हणे, हेच सांगू का?

मी म्हटलं, आवाजाचं नको सांगू. दिवाळीनंतर घ्यायले येतो सांग. नवं लुगडं घेऊन येतो सांग.

तो म्हणे, लुगड्याचं मी मागच्या खेपीलेही सांगितलं होतं बावा. ती म्हणे, त्याच्या निरोपातल्या लुगड्यानं माह्यं कपाट भरून गेलं, आता नवं कपाट पाठव म्हणा.

खुशालराव हसला. शेंदूरजन्याच्या लोकांना दुसऱ्याच्या संसारात हसायले फार आवडते.

३१ ऑक्टोबर

नत्थुजीकडं जावं लागलं. मालकांनी पाठवलं, मी आपणहून गेलो नाही. तो पहिले म्हणे कमानीतलं रबरी बुश गेलं असन. मग खाली वाकला, उठला आणि म्हणे, दसऱ्यानंतर यू-बोल्टाले पाना लावला होता का तू?

अशा प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसते. दोन वर्षं ड्रायवरी केलेल्या माणसाले नट आवळला का विचारणं म्हणजे बाईले मीठ टाकलं का विचारणं. मी गाडीत बसलो आणि निघालो. निघताना खट झाली. त्यानं मागून ओरडून सांगितलं, पाना घेऊन जाय बे, भाडं नाई घेत त्याचं.

त्याचा पाना मी जन्मात हातात धरणार नाही. अजून त्यावर झेंडूची पाकळी चिकटून आहे. घाण नुसती.

२ नोव्हेंबर

आज खरा शोध लागला. इतके दिवस मी आवाज कुठून येते ते पाहिलं. कधी येते ते पाहायले पाहिजे होतं. गाडी निघाली की खट. ब्रेक मारला की खट. मधात एका चालीनं चालली तर काही नाही, ऐकू येईल असं काही नाही. म्हणजे दोष गाडीत नाही, निघण्याथांबण्यात आहे.

तर अमरावतीहून अकोल्यापर्यंत गाडी थांबवायचीच नाही. एक खट अमरावतीले, एक अकोल्याले. दोन खटांनी कोणाची कंबर मोडत नाही.

नत्थुजीले हे सुचायले आणखी एक जन्म लागला असता.

४ नोव्हेंबर

उद्या जायचं. मालक येत नाहीत, आडतीत कापूस येऊन पडला आहे. पोरगी आणि जावई आगगाडीनं येतात. गाडीत मी आणि विहीणबाई. गाडी धुतली. टाकी भरली. खोलीत जाऊन आलो. कोपऱ्यात चूल बसेल. खुंटी एक आहे, दोन लागतील.

दुर्गाबाई म्हणाल्या, नत्थुजीले एकदा दाखव रे. मी म्हटलं, दाखवलं. हे खोटं नाही. त्यानं पाहिलं होतं.

५ नोव्हेंबर, अकोला

सगळं व्यवस्थित झालं असतं.

अमरावतीले विहीणबाई दारातच उभ्या होत्या. सोबत एक ट्रंक, दोन पिंप अनारसे-चकल्या, आणि कमरेले गरम पट्टा. बाई अंगानं भरलेल्या. मागच्या शिटावर उजवीकडं बसल्या तशी गाडी त्या बाजूले झुकली. म्हणाल्या, मऊ केली का रे गाडी? मी म्हटलं, लोणी.

निघालो. खट.

म्हणाल्या, हे काय वाजलं? मी म्हटलं, दार. म्हणाल्या, दार तर माह्या हातात हाये.

बडनेऱ्याले रेल्वेचं फाटक बंद. थांबावं लागलं. खट. फाटक उघडलं. खट. त्यांनी या वेळी विचारलं नाही, नुसतं आरशातून माझ्याकडं पाहिलं. आणि गाडी मऊ नव्हती हे मले मान्य करावं लागते. ती उसळत होती. बाईंचं डोकं दोनदा टपाले लागलं. ती जास्तीची पट्टी अजून रुळली नसेल.

मूर्तिजापूरले म्हणाल्या, गाडी थांबव. मी म्हटलं, बाईसाहेब, थांबणं गाडीले चांगलं नाही. म्हणाल्या, माणसाले तर चांगलं हाये ना. मी ऐकलं नाही असं दाखवलं. तेव्हा जे बोलल्या ते सगळं लिहीत नाही. शेवटचं एवढंच, अरे मुडद्या, बाईमाणसाले उतरावं लागते का नाई?

थांबलो. खट.

परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ऐक ड्रायवर. हे माह्या उजव्या कुल्ल्याखाली वाजते. निघताना काहीतरी पुढं सरकते, थांबताना मागं जाते. मी अमरावतीपासून त्याच्यावरच बसून हाये, मले समजते. ते ढिलं हाये. उतर, वाकून पाह्य.

मी म्हटलं, मशीनचं काम आहे बाईसाहेब, तुम्हाले नाही समजणार.

म्हणाल्या, मले नाई समजत तर तुले तरी समजू दे.

गेलेला वेळ भरून काढायचा म्हणून गाडी जोरात घेतली. बोरगाव मागं टाकलं. अकोला आलंच होतं. खोलीची दुसरी खुंटी कुठं ठोकायची याचा मी विचार करून राहिलो होतो. तेवढ्यात म्हशी आडव्या आल्या. ब्रेक मारला.

खट झाली नाही.

दसऱ्यापासून पहिल्यांदा झाली नाही. मले इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मी मागं वळून बाईंना म्हणालो, पाहा, गेली. तोपर्यंत गाडी तिरपी चालायले लागली होती. तोंड अकोल्याकडं आणि जाणं बाभळीकडं. मग मागचं चाक मडगार्डले घासून धूर निघाला आणि गाडी आपोआप थांबली.

वाकून पाहिलं. उजवीकडचा ॲक्सल कमानीवरून वीतभर मागं सरकला होता. चार नट पाहिजेत, तिथं एकच होता.

मागून कापसाच्या बैलबंड्या येऊन राहिल्या होत्या, अकोल्याच्या बाजारात जायच्या. पहिलीच बंडी थांबली. बंडीवाला म्हातारा म्हणे, काय झालं? विहीणबाई म्हणाल्या, भगवंतरावच्या आडतीत चालले का? तो म्हणे, हो. म्हणाल्या, मग मलेही त्यांच्याच घरी नेऊन घाल. जू खाली टेकवलं, दोघा जणांनी हात दिला, आणि बाई कापसाच्या ढिगावर चढल्या. ट्रंक वर गेली, पिंप वर गेले. आधी बसल्या, मग कुशीवर झाल्या, मग पाय पसरून उताण्या झाल्या. वरून म्हणाल्या, आता मऊ म्हणजे काय ते पाह्य, ड्रायवर.

मी गाडीपाशी थांबलो. मागून आलेल्या प्रत्येक बंडीवाल्यानं विचारलं, काय झालं. मी कोणालेच सांगितलं नाही.

६ नोव्हेंबर

नत्थुजी आला, पाना घेऊन. खाली झोपला, उरलेला एक नट दोन बोटांनी फिरवत फिरवत काढला, बाहेर आला आणि माझ्यासमोर धरला. तोंडात पान होतं. मी म्हटलं, रस्ता खराब आहे. तेव्हा त्यानं पान थुंकलं आणि म्हणाला, पूजा उचलून अठरा दिवस झाले, हत्यार तुही वाट पाहून राहिलं होतं बावा.

याचं मूळ कारण खंडेनवमी आहे. हे मी कुठंही सांगायले तयार आहे.

दुपारी मालकांसमोर उभं राहिलो. घरात सगळे ओसरीवर होते. विहीणबाई लोडाले टेकून चकली खाऊन राहिल्या होत्या, कमरेचा पट्टा काढून बाजूले ठेवला होता. काल बंडी दाराशी लागली तेव्हा त्यांच्या केसात, कानात, नाकात कापूस होता आणि त्या हसत होत्या, असं पोळ्यावाल्या बाईनं मले आधीच सांगितलं होतं. म्हणून मी सरळ म्हटलं, मालक, अट हीच होती. विहीणबाई हसत उतरल्या तर खोली. त्या हसत उतरल्या.

मालक म्हणाले, बंडीतून.

मी म्हटलं, कशातून ते ठरलं नव्हतं.

 मग विहीणबाईंना ठसका लागला, चकलीचा. दुर्गाबाई पाणी आणायले आत गेल्या, त्या आतच हसत राहिल्या. मालक हसले नाहीत. म्हणाले, सहदेवा, उद्यापासून काट्यावर जाय. कापूस मोजताना पोते उचलायले माणूस कमी हाये. गाडी नत्थुजीचा भाचा चालवन.

मी म्हटलं, आणि खोली?

म्हणाले, खोलीत सरकी भरायची हाये.

७ नोव्हेंबर

नत्थुजीनं जुन्या कमानी परत टाकल्या आणि पान्यानं ओढल्या. खटखट गेली. त्यात मोठं काही नाही. इतके दिवस तिच्यामागं लागून मीच तिले खिळखिळी करून ठेवली होती. शेवटचा हात कोणाचाही लागला असता.

काट्यावर उभं राहिलो. अंगभर कापसाचे तंतू. नाकात, जेवणात. बाजूचा हमाल म्हणे, ड्रायवरसाहेब, जरा वाकून. या लोकांची मले किळस येते.

खोलीवरून जाणं झालं. दारापर्यंत सरकी आहे.

८ नोव्हेंबर

काही नाही. दिवे लावले लोकांनी.

११ नोव्हेंबर

खुशालराव आला. आवाजाचं सांगू नको म्हटलं होतं, तरी यानं सगळं सांगितलं होतं. डिकीचंसुद्धा. मी म्हटलं, काय म्हणे मग इंदू? हसली का?

तो म्हणे, नाई हसली. डिकीचं सांगितलं तेव्हा फक्त म्हणे, जेवला होता का त्या दिवशी?

मग म्हणे, तिनं खोली केली. वखारवाल्याच्या वाड्याले लागून, चार रुपये भाडं. पाडव्याले राहायले गेली. तुह्या मायबापालेही सांगून गेली, भांडून नाई. निरोप असा, मी काही अकोल्याले येत नाई. याले यायचं तर यावं, दार उघडं हाये. नसन यायचं तर अर्धं भाडं पाठवावं, खोली दोघांची हाये.

मी विचारलं, खिडकी आहे का?

तो म्हणे, हाये. मागं लिंबाचं झाड हाये.

म्हणजे खोलीचं जमलं. मी दीड वर्षं खोली खोली करत राहिलो नसतो तर तिच्या डोक्यात हे आलं असतं का? आलं नसतं. गाव वेगळं निघालं, एवढंच. मी लगेच जाऊ शकत नाही. सीझन आहे, काट्यावर माझ्याबिगर खोळंबा होईल. पौष लागला की जातो. नाहीतर माघात नक्की.

मालकांनी पगारातून यू-बोल्ट कापले, मडगार्ड कापलं, नत्थुजीची मजुरी कापली, दोन पिंपांतल्या फुटलेल्या चकल्यांचंही काहीतरी कापलं. खुशालराव ट्रक चालू करून हॉर्न वाजवून राहिला होता. अर्धं भाडं दोन रुपये होते. उरलं तेवढं त्याच्या हातात दिलं, सव्वा रुपया.